नॅन्सी हँक्स कोणाची मुलगी?

नोंदवहीत रकाना नसला की माणूसच नसल्यासारखा होतो, हे आम्हां सरकारी कारकुनांना ठाऊक असते. अब्राहम लिंकन यांच्या आईची, नॅन्सी हँक्सची, वंशावळ वाचताना ते फार जाणवले. नॅन्सी ही केंटकीच्या खेड्यातल्या थॉमस लिंकनची बायको. १८०६ साली लग्न झाले, १८१८ मध्ये इंडियानात ती वारली. तेव्हाच्या अमेरिकन जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. बायकामुलांचे वयोगटांप्रमाणे नुसते आकडे. घरातल्या सगळ्यांची नावे लिहिणे सुरू झाले १८५० पासून, तीही गुलामांची सोडून. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, तरी ही कोणाची लेक यावर शंभराहून जास्त वर्षे वाद चालला. शेवटी त्या घराण्यातल्या, लेकीकडून लेकीकडे आलेल्या वंशातल्या आजच्या माणसांचा डीएनए तपासला आणि २०१५ मध्ये ती ल्युसी हँक्सचीच मुलगी असे ठरले. पेशीतली ही खूण आई सगळ्या मुलांना देते, पण पुढच्या पिढीला फक्त मुलीच देतात. म्हणजे ज्यांना कागदावर जागा नव्हती, त्यांनीच पुरावा सांभाळून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका अर्जावर आईच्या नावाचा रकाना रिकामा दिसला. एरवी पुढे सरकवला असता. त्या दिवशी अर्जदाराला थांबवून विचारून घेतले.