उसनं हाड, आपलं हाड

चरकसंहितेत माणसाच्या शरीरातली हाडं मोजली आहेत. ती भरतात ३६०. आजच्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. मग ही जास्तीची आली कुठून? चरकाच्या यादीत बत्तीस दात धरले आहेत, नखंही धरली आहेत आणि दात ज्या खोबणीत बसतात त्या बत्तीस खोबण्याही वेगळ्या मोजल्या आहेत. त्यांना नाव दिलं आहे ‘दन्तोलूखल’. म्हणजे दातांची उखळं.

कवी माणूस शब्दाशी अडतो, तसा मी या शब्दाशी अडलो. जबड्याचं एकसंध दिसणारं हाड आणि त्यातली उखळं वेगळी का मोजावीत? या प्रश्नाचं एक उत्तर पुढे लंडनमध्ये मिळालं. जॉन हंटर या शल्यवैद्याचा माणसाच्या दातांवरचा ग्रंथ १७७१ साली प्रसिद्ध झाला. त्याचं निरीक्षण असं, की दातांना धरून ठेवणारा जबड्याचा काठ हा जबड्यापेक्षा दातांचाच म्हणायला हवा. दात येतात तसा तो उभा राहतो आणि दात गेले की तोही विरून जातो.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचे दात गेले, की ‘तोंडाचं बोळकं झालं’ म्हणतात. गाल आत जातात, हनुवटी पुढे येते, नाक आणि हनुवटी यांतलं अंतर कमी होतं. आपण समजतो, हे दात गेल्यामुळे झालं. खरं म्हणजे दातांच्या पाठोपाठ हाडही गेलेलं असतं. चावताना पडणारा भार दाताच्या मुळावाटे हाडाला पोचतो आणि त्या भारावरच हाड टिकून असतं. भार बदलला की हाडाची घडण बदलते, हा नियम जर्मनीतल्या युलियस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. दात गेला की त्या जागेचं काम संपतं आणि शरीर तिथला माल हळूहळू काढून नेतं.

हे किती वेगाने होतं? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटलेली आढळली. त्यातलीही दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांत झालेली होती. अँट्ये टॅल्ग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा १९७२ साली मांडला. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होती. खालची कवळी काही वर्षांनी तोंडात नाचू लागते, त्याचं कारण हे.

म्हणून आज दंतवैद्याकडे ‘इम्प्लांट’ बसवायला गेलेल्या माणसाला पुष्कळदा ऐकावं लागतं, तेच मलाही ऐकावं लागलं. माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर एक्स-रे दाखवत म्हणाली, “काका, स्क्रू बसवायला जागा आहे, पण हाड उरलेलं नाही. आधी हाड तयार करावं लागेल.”

हाड तयार करायचं, पण कुणाचं? या विद्येचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

कोर्दोव्हाच्या अल-जहरावी यांनी इसवी सन १०००च्या सुमारास लिहिलेल्या ‘अल-तसरीफ’ या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची कृती आहे. गेलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा कोरलेला दात बसवता येतो, असंही ते सांगतात. हे झालं दाताचं. हाडाच्या जागी हाड बसवल्याची एक जुनी, ऐकीव हकिकत हॉलंडचे शल्यवैद्य योब फान मेकेरेन यांच्या १६६८ साली छापलेल्या पुस्तकात आहे. रशियातल्या एका जखमी माणसाच्या कवटीला कुत्र्याच्या हाडाचं ठिगळ लावलं आणि ते जुळलं. पण अंगात जनावराचं हाड आहे म्हणून चर्चने त्याला वाळीत टाकलं. ते काढून टाका म्हणून तो परत आला, तेव्हा ते इतकं एकजीव झालं होतं, की काढता येईना.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या विल्यम मॅकईवन यांनी १८८०च्या सुमारास एका लहान मुलाच्या दंडाचं नष्ट झालेलं हाड पुन्हा उभं केलं. त्यासाठी त्यांनी मुडदूस झालेल्या दुसऱ्या मुलांच्या पायांतून, वाकडी हाडं सरळ करताना निघालेले तुकडे वापरले. अमेरिकेत निकोलस सेन यांनी १८८९ साली बैलाचं, क्षार काढून टाकलेलं हाड पोकळी भरण्यासाठी वापरल्याचं नोंदवलं.

जबड्यावर मात्र ही विद्या खऱ्या अर्थाने पोचली ती पहिल्या महायुद्धात. खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकाच्या तोंडावर गोळी बसे आणि जबड्याचा तुकडाच उडून जाई. इंग्लंडमध्ये सिडकप इथे १९१७ साली अशा जखमींसाठी इस्पितळ सुरू झालं. तिथे हॅरोल्ड गिलीज यांच्यासारखे शल्यवैद्य आणि दंतवैद्य एकत्र काम करत. सैनिकाच्याच बरगडीचा, नडगीचा किंवा कमरेच्या हाडाचा तुकडा काढून जबड्यात बसवत. गावात या सैनिकांसाठी काही बाक निळे रंगवले होते. इथे बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकू नका, ही गावकऱ्यांना त्या रंगाची सूचना होती.

पुढचं वळण आलं १९६५ साली, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी हाडात टायटॅनियमची नळी बसवत. प्रयोग संपल्यावर ती निघेना, कारण हाड तिला घट्ट चिकटलेलं असे. त्या जोरावर त्यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. या पद्धतीला पाश्चात्त्य दंतवैद्यांची मान्यता मिळाली ती १९८२च्या टोरोंटो परिषदेनंतर. त्याच १९६५ साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं, की क्षार काढलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं, तर चक्क स्नायूत नवं हाड धरतं. त्या हाडात शरीराला ‘इथे हाड घडव’ असा निरोप देणारं प्रथिन असतं. अशा एका प्रथिनाच्या जबड्यातल्या वापराला अमेरिकेत २००७ साली परवानगी मिळाली.

बाकीचं काम कारागिरीचं. वरच्या दाढा गेल्या की वरची हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली उतरते. तिथे खिडकी पाडून, अंड्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं नाजूक अस्तर अलगद उचलायचं आणि खालच्या जागेत हाड भरायचं, ही शस्त्रक्रिया बॉयन आणि जेम्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. १९८८ साली दालिन आणि सहकाऱ्यांनी दुसरी अडचण सोडवली. हिरडीच्या पेशी तणासारख्या भराभर वाढतात आणि हाडाची जागा बळकावतात. मध्ये पातळ पडद्याचं कुंपण घातलं, की हाडाला सावकाश वाढायला अवधी मिळतो. हा अवधी साधारण चार ते नऊ महिन्यांचा असतो.

मी त्या डॉक्टरला विचारलं, “ही पांढरी भुकटी कशाची?” ती म्हणाली, “गाईच्या हाडाची. तापवून, प्रक्रिया करून फक्त खनिज ठेवलेलं असतं.” “आणि पडदा?” “हा डुकराच्या कोलॅजनचा आहे.” मला पडद्याची अडचण, तर शेजारी बसलेल्या आजींना भुकटीची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. डॉक्टरही हसली आणि तिने दुसरे पर्याय सांगितले. स्वतःच्याच हनुवटीतलं किंवा दाढेमागचं हाड घेता येतं. दात्याकडून मिळालेलं मानवी हाड असतं. प्रयोगशाळेत तयार केलेलं कॅल्शियम फॉस्फेट असतं. पडदेही कृत्रिम मिळतात. प्रत्येकाचे गुणदोष वेगळे, खर्च वेगळा.

माझ्या धर्मात अगतिकतेची सवलत आहे. वस्तू पुरती पालटून गेली तर तिचा हुकूमही पालटतो का, यावर उलेमांमध्ये जुनी चर्चा आहे. आजींकडेही त्यांची उत्तरं असतील. पण ते ठरवायचं तर आधी कळायला हवं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या रशियन माणसाला वाळीत टाकलं गेलं, तशी पाळी आज कुणावर येणार नाही. तरी स्वतःच्या तोंडात काय भरलं आहे हे नंतर कळलेल्या माणसाचं मन खातच राहतं. संमतीच्या कागदावरची सही ही त्यासाठी असते, नुसत्या रकमेखाली करण्यासाठी नसते.

आणखी एक लक्षात घ्या. गाईची भुकटी असो की प्रयोगशाळेतली, तो केवळ मांडव आहे. वेल शरीरालाच चढवावी लागते. आपल्या पेशी त्या मांडवात शिरून स्वतःचं हाड घडवतात. तंबाखू-सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह या कामात मोडता घालतात.

शिवाय प्रत्येकाला हे सगळं लागतंच असं नाही. खालचे सगळे दात गेलेल्यांना हनुवटीपाशी दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवावी, हा पहिला पर्याय मानावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ साली सांगितलं. तिथलं हाड बहुधा शाबूत असतं. काही ठिकाणी आखूड स्क्रूवरही भागतं. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशा आपल्या लोकांसाठी हे माहीत असणं मोलाचं आहे. नाहीतर आपल्या उखळापायी दुसऱ्याचंच उखळ पांढरं व्हायचं!

म्हणून खुर्चीत बसण्याआधी तीन प्रश्न विचारा. हाड कशाचं घालणार? किती महिने थांबायचं? आणि हाड न भरता भागेल का? ज्यांचे दात अजून जागेवर आहेत, त्यांनी हिरडीतून येणारं रक्त अंगावर काढू नये. मिश्री आजच सोडावी. दात काढायची वेळ आलीच, तर त्याच दिवशी पुढचा विचार डॉक्टरांशी बोलून घ्यावा, कारण पहिल्या तीन महिन्यांतच उखळ सर्वांत जास्त झिजतं.