पै, बॅरिस्टर नाथ

(२५ सप्टेंबर १९२२ – १८ जानेवारी १९७१). समाजवादी नेते, संसदपटू आणि घटनेचे अभ्यासक. जन्म वेंगुर्ले येथे. १९४२ च्या ‘चले जाव’ लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला जाऊन लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. युरोपातील समाजवादी युवक चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध आला. व्हिएन्नाच्या क्रिस्टल यांच्याशी त्यांनी विवाह केला. वकिलीत मात्र ते फारसे रमले नाहीत. बॅरिस्टरी कामी आली ती लोकसभेत.

१९५७, १९६२ व १९६७ अशा तिन्ही निवडणुकांत ते प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून निवडून आले. कोकणचा विकास, गोवामुक्ती, सीमाप्रश्न, परराष्ट्र धोरण असे त्यांचे विषय. त्यांच्या वक्तृत्वाचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्यामागची घटनेची जाण त्या कौतुकात काहीशी झाकली गेली.

तिची साक्ष ‘नाथ पै विधेयक’ देते. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, विरोधी बाकांवरच्या नाथ पैंनी खासगी विधेयक मांडले : अनुच्छेद ३६८ नुसार संसदेला घटनेचा कोणताही भाग बदलता आला पाहिजे. घटना बदलण्याचा अंतिम अधिकार लोकांचा, आणि लोक तो संसदेमार्फत वापरतात, ही त्यामागची भूमिका. खासगी विधेयके एरवी शुक्रवारच्या चर्चेतच विरतात. हे संयुक्त समितीपर्यंत गेले. अशाने बहुमताच्या हाती नागरिकांचे हक्क जातील, हा विधेयकाच्या विरोधकांचा आक्षेप होता. आणीबाणीचा अनुभव पाहता तो गैरलागू म्हणता येत नाही.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यातला गाभा कायद्यात आला. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही, अशी मर्यादा घातली. म्हणजे नाथ पैंचे म्हणणे निम्मे टिकले.

हे दोन्ही पाहायला ते नव्हते. हृदयविकार असतानाही १७ जानेवारी १९७१ रोजी, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, बेळगावात त्यांनी भाषण केले आणि त्याच रात्री त्यांचे निधन झाले. मार्चमधील निवडणुकीत राजापूरची जागा त्यांच्याच पक्षाचे मधु दंडवते यांनी जिंकली.