आधी कोण बसणार? विमानातील खुली आसनव्यवस्था आणि रांगेचे गणित

अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्स या कंपनीने २७ जानेवारी २०२६ पासून आपल्या विमानांत प्रत्येक प्रवाशाला ठरावीक आसन देण्यास प्रारंभ केला. अन्य कोणत्याही कंपनीच्या बाबतीत ही बातमी ठरली नसती. परंतु जून १९७१ मध्ये पहिले उड्डाण केल्यापासून तब्बल साडेचौपन्न वर्षे या कंपनीच्या बोर्डिंग पासवर आसन क्रमांक नसे. प्रवाशाने विमानात शिरावे आणि रिकामी दिसेल त्या जागेवर बसावे, असा साधा नियम होता. यालाच खुली आसनव्यवस्था म्हणतात. एसटीने फिरलेल्या मराठी वाचकाला ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, विमानात कोणालाही उभ्याने प्रवास करावा लागत नाही.

जागा प्रत्येकाला मिळणारच असेल, तर मग घाई कशाची, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर विमानाच्या रचनेत आहे. साउथवेस्टकडे केवळ बोइंग ७३७ जातीची विमाने आहेत. या विमानात मधली वाट सोडून दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात. म्हणजे भरलेल्या विमानात दर तिघांपैकी एकाच्या वाट्याला मधली जागा येणे अटळ असते. शिवाय डोक्यावरच्या कप्प्यांत सर्वांच्या बॅगा मावतीलच याची खात्री नसते. खिडकी, वाटेलगतची जागा आणि बॅगेपुरता कप्पा या तीन गोष्टींसाठी रांगेतील क्रमांक मोलाचा ठरतो. अमेरिकेतील विमान प्रवाशांनी गेली अनेक वर्षे ज्या तक्रारी केल्या, त्यांचे मूळ येथे आहे.

ही पद्धत मुळात गैरसोय करण्यासाठी नव्हे, तर वेळ वाचवण्यासाठी स्वीकारली गेली होती. टेक्सासमधील डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांदरम्यान सेवा सुरू करणाऱ्या या कंपनीजवळ आरंभी मोजून चार विमाने होती. १९७२ मध्ये पैशांची चणचण भासल्याने त्यातले एक विकावे लागले. चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत बसवायचे, तर उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवणे भाग होते. जागा शोधण्यात, चुकीच्या आसनावर बसलेल्याला उठवण्यात आणि क्रमांकांचे वाद मिटवण्यात दवडायला वेळ नव्हताच. क्रमांक नाहीत, त्यामुळे वादही नाहीत. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा ते पैसा कमवत नाही, हे या कंपनीने इतरांच्या आधी ओळखले आणि पुढे जगभरच्या स्वस्त विमानसेवांनी तिचा कित्ता गिरवला.

प्रवाशांना त्याकाळी पुन:पुन्हा वापरता येतील असे प्लॅस्टिकचे क्रमांक दिले जात. पुढे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे गट आले. मात्र गटाच्या आत क्रम नसल्याने लोक विमान सुटण्याच्या कितीतरी आधीपासून दाराशी रांग लावून उभे राहत, किंवा बॅगांची रांग लावून शेजारी जमिनीवर बसत. २००६ मध्ये कंपनीने सॅन दिएगो येथे ठरावीक आसनांचा प्रयोग करून पाहिला, पण तो पुढे नेला नाही. त्याऐवजी नोव्हेंबर २००७ मध्ये प्रत्येक गटाला १ ते ६० असे क्रमांक देण्यात आले. दाराजवळ क्रमांकांचे खांब उभे राहिले आणि ‘ए ३१ ते ३५’ या पाच जणांनी आपल्या खांबाशी उभे राहावे अशी शिस्त लागली. जमिनीवर बसण्याची वेळ टळली. परंतु चढाओढ संपली नाही, ती केवळ दारापासून संगणकाकडे सरकली.

क्रमांक मिळायचा तो चेक-इनच्या क्रमाने, आणि चेक-इन सुरू व्हायचे ते उड्डाणाच्या बरोबर चोवीस तास आधी. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचे विमान असणारा मनुष्य आदल्या दिवशी पहाटे घड्याळाकडे डोळे लावून बसे. दोन मिनिटांचा उशीर झाला तरी ‘ए’ गट हुकून ‘बी’च्या मध्यावर घसरण होई. २००९ मध्ये कंपनीने यावर उपाय काढला. जादा पैसे भरणाऱ्याचे चेक-इन इतरांच्या आधी आपोआप होऊ लागले. ‘ए’ गटातील पहिले पंधरा क्रमांक तर त्याआधीपासूनच महाग तिकिटांसाठी राखीव होते. आधी येईल त्याला आधी, हे खुल्या आसनव्यवस्थेचे नैतिक अधिष्ठान होते. गरीब-श्रीमंत असा भेद न करणारी रांग, अशी तिची ख्याती होती. जागा विकायची नाही असे ठरवलेल्या कंपनीने रांगेतला क्रम मात्र विकायला काढला आणि ते अधिष्ठान हळूहळू ढासळत गेले.

रुमाल आणि चाकांची खुर्ची

या व्यवस्थेतील दोन तक्रारी विशेष गाजल्या. पहिली जागा अडवण्याची. कुटुंबातील एकाच व्यक्तीने जादा पैसे भरून आधी चढायचे आणि मागून येणाऱ्या तिघांसाठी जाकीट, पुस्तक, पिशवी ठेवून अख्खी रांग धरायची, हा प्रकार सर्रास चाले. एसटीच्या खिडकीतून आत पडणारा रुमाल तो हाच. तिकडे तो जरा महाग कापडाचा असतो, इतकेच. यावर कंपनीचा नियम अनुकूलही नव्हता आणि प्रतिकूलही नव्हता. त्यामुळे कर्मचारी मध्ये पडायला नाखूश असत आणि वाद प्रवाशांनी आपसांत मिटवावा अशी अपेक्षा राही.

दुसरी तक्रार अधिक नाजूक आहे. अपंग किंवा अशक्त प्रवाशांना सर्वांच्या आधी चढण्याची संधी द्यावी, असा अमेरिकेत कायदेशीर दंडक आहे आणि तो सर्वथा योग्य आहे. परंतु खुल्या आसनव्यवस्थेत आधी चढण्याचा अर्थ उत्तम जागा मिळणे असा होत असल्याने चाकांच्या खुर्चीची मागणी करणाऱ्यांची संख्या काही उड्डाणांवर संशयास्पद वाटू लागली. चढताना खुर्चीत असलेले अनेक जण उतरताना स्वत:च्या पायांनी ताडताड चालू लागतात, यावरून अशा उड्डाणांना ‘चमत्काराची उड्डाणे’ असे उपहासाने म्हटले जाई. यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असलेला मनुष्य चार पावले चालू शकतो, पण विमानतळाचे लांबच लांब रस्ते पार करू शकत नाही. दुखणे वरून दिसत नाही. कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवण्याचा अधिकार शेजारच्या प्रवाशाला नाही. पण संशयाच्या नजरा मात्र खऱ्या रुग्णालाच सोसाव्या लागल्या.

लहान मुलांच्या पालकांचे काय, हाही प्रश्न होताच. सहा वर्षांपर्यंतचे मूल सोबत असलेल्यांना ‘ए’ गटानंतर आणि ‘बी’ गटाआधी सोडले जाई. मूल सात वर्षांचे झाले, की ही सवलत संपे.

मागून पुढे भरणे का फसते?

विमान भरायचे तर मागच्या रांगांना आधी बोलवावे, हे कोणालाही पटेल. प्रत्यक्षात ही पद्धत अत्यंत संथ आहे. मागच्या पाच-सहा रांगांतील तीसेक माणसे एकदम आत शिरली, की ती मधल्या वाटेत एकामागे एक उभी राहतात. त्यांतला सर्वांत पुढचा बॅग वर ठेवत असतो आणि बाकीचे त्याच्या पाठीकडे पाहत थांबतात. विमानाची लांबी मोठी असूनही एका वेळी काम करणारी माणसे एक-दोनच! त्यातच वाटेलगतचा प्रवासी आधी आणि खिडकीवाला नंतर आला, तर बसलेल्याला पुन्हा उठावे लागते.

हे गणित मांडले ते एका खगोलभौतिकशास्त्रज्ञाने. शिकागोजवळील फर्मी प्रयोगशाळेत काम करणारे जेसन स्टेफन यांनी २००८ मध्ये यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत आधी खिडकीच्या जागा भरतात, त्याही एक रांग सोडून एक, मागून पुढे. त्यामुळे लागोपाठच्या प्रवाशांमध्ये बॅग उचलण्यापुरते अंतर राहते आणि अनेक जण एकाच वेळी सामान ठेवू शकतात. पुढे त्यांनी बोइंग ७५७ च्या प्रतिकृतीत १२ रांगा आणि ७२ प्रवासी घेऊन चाचणीही केली. रांगांचे गट पाडून भरण्यास ६ मिनिटे ५४ सेकंद लागले, मागून पुढे भरण्यास ६ मिनिटे ११ सेकंद. आसन ठरलेले पण चढण्याचा क्रम मुक्त, अशा पद्धतीने ४ मिनिटे ४४ सेकंद. खिडकी, मधली जागा, वाटेलगतची जागा या क्रमाने ४ मिनिटे १३ सेकंद आणि स्टेफन यांच्या पद्धतीने ३ मिनिटे ३६ सेकंद. काहीही न ठरवता सोडलेली गर्दी नियोजनपूर्वक मागून भरलेल्या गर्दीपेक्षा लवकर स्थिरावते, ही यातली खरी गंमत.

‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने २०१४ मध्ये अशीच तुलना केली, तेव्हा खुल्या आसनव्यवस्थेने सर्वांना मागे टाकले. मागून पुढे भरण्यास साडेचोवीस मिनिटांच्या आसपास वेळ लागला, तर आसनेच न ठरवता १४ मिनिटे ७ सेकंद. मात्र सहभागी लोकांना समाधानाचे गुण द्यायला सांगितल्यावर हीच पद्धत सर्वांत खाली, शून्याच्याही खाली गेली. खुल्या आसनव्यवस्थेचे सारे भाग्य या दोन आकड्यांत सामावले आहे. ती जलद असते, कारण प्रत्येक प्रवासी धास्तावलेला असतो. पुढे जागा मिळेल की नाही या भीतीने तो वाटेत रेंगाळत नाही, बॅग कोंबतो आणि बसतो. कंपनीची मिनिटे वाचतात. त्यांची किंमत प्रवाशाच्या जिवाला लागलेल्या घोरातून वसूल होते.

मग सर्व कंपन्या स्टेफन यांची पद्धत का स्वीकारत नाहीत? एक तर त्यात आई खिडकीशी आधी आणि मूल मधल्या जागेवर नंतर, अशी कुटुंबाची ताटातूट होते. दुसरे आणि मोठे कारण व्यापारी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने २००८ मध्ये सामानकक्षात ठेवायच्या पहिल्या बॅगेलाही शुल्क लावले आणि इतर मोठ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. शुल्क वाचवण्यासाठी लोक बॅगा हातातून आत नेऊ लागले, कप्पे अपुरे पडू लागले आणि आधी चढण्याला किंमत आली. ज्याला किंमत आहे ते फुकट कोण देईल? पदनिहाय ग्राहक, विशिष्ट क्रेडिट कार्डधारक, जादा शुल्क भरणारे असे आठ-नऊ गट झाले. दाराशी आधीच गर्दी करणाऱ्यांना तिकडे ‘दारावरच्या उवा’ असे अशिष्ट नाव पडले. २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या गटाच्या आधी घुसणाऱ्याचा पास तपासताच आवाज करणारी यंत्रणा बसवली. युनायटेडने ऑक्टोबर २०२३ मध्ये खिडकी-मधली-वाट हा क्रम पुन्हा आणला खरा, पण तो सामान्य वर्गातील शेवटच्या गटांपुरता.

युरोपात हे वळण आधीच आले होते. ईझीजेटने २०१२ मध्ये आणि रायनएअरने फेब्रुवारी २०१४ मध्ये खुली आसने सोडून दिली. साउथवेस्टने जुलै २०२४ मध्ये निर्णय जाहीर केला, तेव्हा आपले ८० टक्के ग्राहक ठरावीक आसनाला पसंती देतात असे सांगितले. ते खरेच असावे. परंतु त्याच सुमारास गुंतवणूकदारांचा दबाव वाढला होता आणि पाय पसरण्यास अधिक जागा असलेल्या आसनांचे वेगळे पैसे घेण्याचीही घोषणा झाली, हेही नोंदवायला हवे. मे २०२५ च्या अखेरीस कंपनीची मोफत बॅगांची प्रसिद्ध सवलत बहुतेक प्रवाशांसाठी संपली. म्हणजे आसनाची चिंता मिटत असतानाच कप्प्याची चिंता वाढली.

भारताने हा अनुभव थोडक्या काळात घेतला. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ पासून स्वस्त तिकिटांबरोबर खुली आसनेही आणली. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या असंख्य लोकांसाठी ती ओळखीचीच पद्धत होती आणि विमानाच्या शिडीकडे होणारी धावपळ हा त्याकाळी वर्तमानपत्रांतील विनोदाचा विषय झाला होता. विनोद करणाऱ्यांना तिकीट पूर्वीपासून परवडत होते, ही बाब वेगळी. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली. आज आपल्याकडे आसन क्रमांक असतो, पण आवडीच्या आसनाचे पैसे मोजावे लागतात. न मोजल्यास एकाच तिकिटावरचे कुटुंब विखुरण्याची शक्यता राहते. म्हणूनच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी आसन देण्याचे निर्देश कंपन्यांना दिले.

उरला प्रश्न दारावरच्या क्रमाचा. आपल्या अनेक विमानतळांवर विमानापर्यंत बसने न्यावे लागते आणि तेथे गटांचे सारे शास्त्र लटके पडते. पहिल्या गटात पुकारले गेलेले लोक बसमध्ये आधी शिरून आत दाटीत जातात. सर्वांत शेवटी धावत आलेला दाराला टेकून उभा राहतो आणि बस थांबताच शिडीवर पहिले पाऊल त्याचेच पडते.