आदित्यच्या ‘सूट’ दुर्बिणीला धुळीइतकीच धास्ती वाफेची!

आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने इस्रोच्या सहकार्याने तयार केली. ए. एन. रामप्रकाश आणि दुर्गेश त्रिपाठी यांनी या कामाचं नेतृत्व केलं. ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ११ फिल्टरमधून सूर्याचे फोटो काढते. यातले बरेच अतिनील किरण ओझोन अडवतो, त्यामुळे जमिनीवरून हे जमत नाही.

आता जोडणीचं बघा. धूळ तर नकोच, पण गोंद, वायरचं आवरण, वंगण यांतून अंतराळाच्या पोकळीत सूक्ष्म वाफ निघते. ती आरशावर बसते आणि अतिनील किरणांनी तिथेच पक्की होते, तव्यावर तेल जळून बसतं तशी. वर हा थर नेमके मोजायचे तेच किरण शोषतो! म्हणून अशा उपकरणाची जोडणी स्वच्छ खोलीत, अंगभर झाकणारे कपडे घालून करतात. सुटे भाग आधीच निर्वातात तापवून वाफ काढून टाकतात. ‘सूट’च्या तोंडाला उघडझाप करणारं दारही आहे. १५ लाख किलोमीटरवर आरसा पुसायला कोण जाणार?

यान २ सप्टेंबर २०२३ला उडालं. दुर्बीण सुरू केली २० नोव्हेंबरला आणि ६ डिसेंबरला तिने सूर्याचे पहिले फोटो टिपले.