कोपऱ्यांतले तीन चौकोन

भाजीच्या गाडीवरील काळ्या-पांढऱ्या चौकोनासमोर आपण फोन धरतो आणि पैसे चुकते होतात. हा क्यूआर कोड मात्र फोनसाठी जन्मलाच नव्हता.

जपानमधील डेन्सो कंपनीच्या कारखान्यांत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद बारकोडने होई. एका बारकोडात जेमतेम २० अक्षरे मावत. म्हणून एकाच खोक्यावरचे अनेक बारकोड वाचावे लागत. १९९४ साली मासाहिरो हारा व सहकाऱ्यांनी आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी माहिती साठवणारा कोड तयार केला. त्यात ७,०८९ अंकांपर्यंत माहिती मावते. कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांच्या मध्यातून कशीही रेघ ओढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. त्यावरून यंत्राला कोडची जागा आणि दिशा कळते.

कंपनीने पेटंट घेतले, पण वापरासाठी शुल्क मागितले नाही. म्हणूनच कारखान्यातला हा कोड आपल्या शाळांपर्यंतही सहज पोचला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकांना जोडला.

वर्गात एक प्रयोग करू. कोडच्या मधला छोटासा भाग कागदाने झाकला, तरी फोन तो वाचतो का? आणि कोपऱ्यातला एक चौकोन झाकला तर? दोन्हींत फरक का पडतो, ते मुलांनाच शोधू द्या.