स्क्रीन रीडरचा आवाज कसा बदलायचा? मराठीसाठी कोणती सेटिंग्ज महत्त्वाची?

मुलुंडहून निघालेल्या मित्राचा मेसेज येतो: ‘२५ तारखेला ९:४५ ची लोकल पकडतो, घाटकोपरला मेट्रोत भेटू.’ दृष्टिहीन व्यक्ती हा मेसेज स्क्रीन रीडरकडून ऐकते. आवाज हिंदीचा असेल तर २५ चं ‘पच्चीस’ आणि ४५ चं ‘पैंतालीस’ होतं. काही इंग्रजी आवाज तर देवनागरी मजकूर चक्क गाळतात. म्हणून योग्य आवाज निवडणं ही हौस नाही, गरज आहे.

स्क्रीन रीडर आणि सिंथेसायझर

पडद्यावर काय आहे ते शोधून सांगण्याचं काम स्क्रीन रीडर करतो. त्या मजकुराचा प्रत्यक्ष आवाज तयार करतो तो स्पीच सिंथेसायझर. विंडोजवरचा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या सिंथेसायझरमध्ये मराठीही आहे. त्याचा आवाज यांत्रिक वाटतो, पण वेग खूप वाढवला तरी शब्द कळतात. त्यामुळे अनेक अनुभवी वापरकर्ते गोड आवाजापेक्षा हाच पसंत करतात.

एनव्हीडीएमध्ये बदल कसे करायचे?

इन्सर्ट ही एनव्हीडीएची मुख्य की.

- इन्सर्ट + कंट्रोल + एस: सिंथेसायझर निवडा.
- इन्सर्ट + कंट्रोल + व्ही: भाषा, वेग, पट्टी (पिच) आणि आवाजाची पातळी ठरवा.
- इन्सर्ट + कंट्रोल + डावा-उजवा बाण: सेटिंग निवडा, वर-खाली बाणाने ते कमी-जास्त करा. लॅपटॉप मांडणीत सोबत शिफ्टही दाबा.
- इन्सर्ट + पी: विरामचिन्हं किती वाचायची ते ठरवा. ईमेल पत्ता तपासताना जास्त, बातमी वाचताना कमी.
- इन्सर्ट + कंट्रोल + सी: सेटिंग्ज सेव्ह करा.

वेग एकदम वाढवू नका. दर काही दिवसांनी थोडा वाढवला की कान सरावतात.

आवाजच बंद पडला तर?

चुकून पातळी शून्यावर गेली, तर न पाहणाऱ्यासाठी संगणक मुका होतो. अशा वेळी इन्सर्ट + कंट्रोल + आर दाबा. शेवटची सेव्ह केलेली सेटिंग्ज परत येतात. म्हणूनच आवाज जमला की आधी सेव्ह करा. इन्सर्ट + एस चुकून दाबलं गेल्यानेही बोलणं थांबू शकतं. तीच की पुन्हा पुन्हा दाबून पाहा.

मोबाइलवर

अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो. सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ शोधा. तिथे इंजिन, भाषा, वेग आणि पट्टी बदलता येते. गूगलच्या इंजिनमध्ये मराठी आवाज आहे. तो आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही चालेल.

आपण काय करू शकतो?

सगळं काही सेटिंग्जने सुटत नाही. रोमन लिपीतलं मराठी सिंथेसायझर इंग्रजी समजून वाचतो आणि त्याचा अर्थच हरवतो. ओळीने दहा इमोजी टाकले, तर प्रत्येकाचं नाव ऐकावं लागतं. नक्षीदार फॉन्टमधली अक्षरं नीट वाचली जातीलच असं नाही. म्हणून पोस्ट देवनागरीत लिहा, इमोजी मोजके वापरा आणि फोटोत काय आहे ते एका ओळीत सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद असल्याची सूचना फोटोऐवजी मजकुरात टाकली, तर ती सगळ्यांपर्यंत पोहोचते.