नवजात कावीळ : पूर्वानुमान

नवजात कावीळ पूर्वानुमान म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतील तपासणीवरून अर्भकाची कावीळ पुढे उपचार लागण्याइतकी वाढेल काय, याचा अंदाज बांधण्याची वैद्यकीय पद्धत होय. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के अर्भकांत पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांत ती आपोआप ओसरते. मोजक्या अर्भकांत मात्र बिलिरुबिन मेंदूत शिरून कर्निक्टेरस ही कायमची इजा होते व बहिरेपणा, अवयवांच्या अनैच्छिक हालचाली अशी व्यंगे मागे राहतात.

कारणे व कालक्रम

अर्भकाच्या तांबड्या पेशी प्रौढांपेक्षा लवकर नष्ट होतात आणि त्यातून निघणाऱ्या बिलिरुबिनाचा निचरा करणारे यकृतातील विकर अद्याप पुरेसे कार्यक्षम नसते. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळात कावीळ साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळस गाठते. सुलभ प्रसूतीनंतर माता बहुधा ४८ तासांनी घरी जाते. म्हणजे धोक्याचा काळ घरीच येतो. पूर्वानुमानाची गरज येथूनच उद्भवते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र अंदाजाचा विषय नव्हे. तिची तपासणी तत्काळ करावी लागते.

पद्धती

कावीळ चेहऱ्यावरून पायांकडे उतरते, या निरीक्षणावर आधारलेले क्रेमरचे पट्टे १९६९ पासून वापरात आहेत. सावळ्या त्वचेवर आणि अपुऱ्या उजेडात डोळ्यांचा हा अंदाज सहज चुकतो. १९८० मध्ये जपानमध्ये यामानौची व सहकाऱ्यांनी त्वचेवर टेकवून मोजणाऱ्या उपकरणाचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याने टोचणे वाचते, परंतु प्रकाशोपचार चालू असताना त्याचे वाचन भरवशाचे नसते.

विनोद भूतानी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २,८४० अर्भकांच्या नोंदींवरून तासनिहाय आलेख मांडला. त्याचे मर्म असे, की बिलिरुबिनचा आकडा बाळाच्या वयाच्या तासांशिवाय निरर्थक आहे : ८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे प्रमाण २४व्या तासाला चिंताजनक, तर ७२व्या तासाला सामान्य ठरते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील २००२ च्या अभ्यासात सुमारे २४ तासांच्या वयाला ६ मिलिग्रॅम ही सीमारेषा उपयुक्त आढळली. आकड्यासोबत अपुरे दिवस, माता व बाळाच्या रक्तगटांतील विसंगती, भावंडाला झालेली कावीळ आणि अपुरे स्तनपान हेही विचारात घेतात.

जी-६-पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता पारशी समाजात व काही आदिवासी जमातींत तुलनेने अधिक आढळते. अशा बाळाच्या दुपट्यांत ठेवलेल्या नॅप्थॅलीनच्या डांबरगोळ्यासुद्धा तांबड्या पेशींचा नाश घडवून कावीळ वाढवू शकतात. कोणताही आलेख हे आधी सांगू शकत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याच्या बिबवेवाडीत कर्मचारी राज्य विमा निगमाचे रुग्णालय असून लगतच्या धनकवडीत भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा भागात रक्ततपासणी दूर नसते. अडचण येते ती पाठपुराव्यात. बाळंतीण चौथ्या दिवशी माहेरी किंवा गावी गेली, की बाळाचा पत्ता बदलतो आणि फेरतपासणी राहून जाते. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर बिलिरुबिनचा आकडा, तो कितव्या तासाला घेतला आणि पुढची तपासणी केव्हा, या तिन्ही नोंदी असणे आवश्यक ठरते.

गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात सेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या गृहाधारित नवजात सेवेत आशा कार्यकर्ती तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी भेट देते. तिसऱ्या दिवसाची भेट कावीळ वाढण्याच्या काळातच पडते.

कोवळ्या उन्हात बाळाला ठेवण्याच्या प्रथेस आधार अगदीच नाही असे नाही. १९५०च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा कमी झाल्याचे परिचारिकेच्या लक्षात आले आणि त्यातूनच १९५८ मध्ये प्रकाशोपचार पुढे आला. तथापि उन्हाची मात्रा मोजता येत नाही व उघड्या बाळाला भाजण्याचा किंवा गारठण्याचा धोका असतो. बाळ सुस्त होणे, दूध न ओढणे, तळवे पिवळे दिसणे ही लक्षणे असल्यास आधीचा अंदाज कितीही अनुकूल असला तरी त्याच दिवशी रक्त तपासावे लागते.